पासिता प्रवासी होऊन आली

पासिता पुन्हा जहाजावर आली ती पाहुण्यांच्या जिन्याने. आम्ही नोकरमाणसं खालच्या, मालाच्या दाराने चढतो. तिथे डिझेलचा आणि सडक्या भाजीचा वास असतो. वरच्या जिन्यावर गालिचा असतो, थंड सरबत असतं, आणि कोणीतरी हसून तुमचं नाव विचारतं. पासिताने ते सरबत घेतलं असणार, कारण संध्याकाळी ती डायनिंग हॉलच्या दारात आली तेव्हा तिच्या ओठांवर हसू होतं आणि चाल अगदी सावकाश होती.

मी दारात फवारणीची बाटली घेऊन उभा होतो. येईल त्या पाहुण्याच्या तळहातावर औषध फवारायचं आणि गोड बोलायचं, हे माझं काम. हिरव्या रेशमी झग्यातल्या एका बाईने हात पुढे केले आणि फिलिपाईन्समधल्या आमच्या इलोइलोच्या बोलीत म्हणाली, "फवार की रे तोतो! की ओळखीच्या माणसाला कोरड्या हातानेच आत सोडतोस?"

तोतो म्हणजे धाकटा, बाळ्या. जहाजावर मला त्या नावाने हाक मारणारं एकच माणूस होतं.

"मानांग पासिता?" मी बाटली दाबायचीच विसरलो. मानांग म्हणजे थोरली बहीण.

"मॅडम म्हण. पैसे भरून आलेय," ती म्हणाली. "आणि तुझ्याच टेबलावर बसव."

पासिता आणि मी एकाच हॉलमध्ये वेटर होतो. तिनेच मला ताटं हातावर तोलायला शिकवलं. कोणत्या पाहुण्याशी बोलायचं आणि कोणापुढे गप्प राहायचं, तेही तिनेच सांगितलं. आमच्यावर मुख्य होता रामिरो आल्देकोआ. तोही इलोइलोचाच. सगळे त्याला मानोंग म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. पासिताच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, पोराला चांदीचा चमचा दिला होता. आणि हाच थोरला भाऊ आमच्या प्रत्येकाच्या टिपेतून वाटा घ्यायचा. वाटा दिला की खिडकीजवळची टेबलं, उदार म्हातारे पाहुणे. नाही दिला की स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे पाहुणे पहिल्याच दिवशी जागा बदलून मागतात. कोणी तक्रार करत नव्हतं. तक्रार करायची तर त्याच्याकडेच करावी लागली असती.

पासिताला जीव लावणारी एक विधवा पाहुणी होती, हॉलंडची. दर हिवाळ्यात यायची आणि पासिताच्याच टेबलावर बसायची. एका फेरीत शेवटच्या दिवशी पासिता तापाने फणफणून दवाखान्यात पडली होती. म्हाताऱ्या बाईने तिच्यासाठी पाकीट रामिरोच्या हातात दिलं. पाहुणे उतरत होते तेव्हा पासिता कशीबशी उठून निरोप द्यायला गेली. बाई तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "माझं पत्र वाचलंस ना? आणि त्यातले पैसे घराच्या छपरालाच लाव हं, दुसरीकडे उडवू नकोस."

कसलं पत्र आणि कसले पैसे! पासिता तशीच तापात डायनिंग हॉलमध्ये आली आणि आम्हा सगळ्यांदेखत तिने विचारलं, "मानोंग, माझं पाकीट कुठंय?"

रामिरो हसला. "कसलं पाकीट? ताप डोक्यात गेला वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिच्यावर लेखी आरोप आला. पाहुण्यांकडे टीप मागते, घरच्या अडचणी सांगून गळ घालते. आमच्याकडे ह्याच्याइतका वाईट गुन्हा नाही. चोरीसुद्धा बरी. पुढच्या बंदरात तिला बॅगेसकट उतरवलं. आम्ही सगळे कठड्याला टेकून बघत राहिलो. तिने वर पाहिलं, पण आमच्याकडे नाही. ती रामिरोला शोधत होती. तो बाहेर आलाच नाही.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ती कदाचित विसरली असती. पण रामिरोच्या बायकोने आमच्या मियागाव गावात, चर्चबाहेर, प्रार्थना सुटल्यावर, सगळ्या बायकांत सांगितलं, "आमच्या ह्यांनी किती सांभाळून घेतलं हो तिला! पण जहाजावर भीक मागायला लागली, मग ते तरी काय करणार?" पासिताचे वडील निवृत्त पोस्टमास्तर. रोज संध्याकाळी चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला लेकीची गणवेशातली तसबीर दाखवणारा माणूस. ते चौकात जायचे बंद झाले. घरातली मोठी तसबीरही भिंतीवरून उतरली. लेकीला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही, आणि त्याच गप्पपणात ते गेले. पासिता मला फोनवर म्हणाली होती, "विचारलं असतं तर सांगितलं तरी असतं रे. न विचारताच गेले."

मग तिने इलोइलो शहरातल्या ला पाझच्या बाजारात नूडल्सच्या रश्श्याची गाडी टाकली. डुकराच्या हाडांचा रस्सा, वर लसूण, वर कुरकुरीत चरबी. नाविक शाळेची पोरं तुटून पडायची. गाडीचं दुकान झालं, एकाची तीन झाली. जहाजावर जाणारा आमचा प्रत्येक पोरगा निघायच्या आधी तिच्याकडे खाऊन जायचा, आणि ती प्रत्येकाला विचारायची, "रामिरो अजून आहे का? कोणत्या जहाजावर? कधी सोडतोय?"

मीच तिला सांगितलं होतं, की आमचं जहाज ह्या मोसमात सिंगापूरहून सुटतंय आणि ही रामिरोची शेवटची फेरी आहे. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्यांनी त्याच्या निरोपासाठी थैली जमवलीय, समारंभाच्या रात्री कॅप्टन स्वतः ती त्याच्या हातात देणार आहे. मी नुसती बातमी म्हणून सांगितलं. तिने फेरीच्या तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाली, "सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागत नाही, नाही का रे?"

पहिल्या संध्याकाळी आधी तर रामिरोने तिला ओळखलं नाही. टेबलाटेबलावर वाकून "शुभ संध्याकाळ" म्हणत तो तिच्यापाशी आला, खुर्ची सरकवली, मांडीवर रुमाल पसरला. तिच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाचं एक निवृत्त जोडपं होतं, बडबडं आणि प्रेमळ. पासिता त्यांना इंग्रजीत म्हणाली, "मला माशाचे काटे काढता येत नाहीत. आमच्याकडे थोरला भाऊ काढून देतो."

"मी आहे ना, मॅडम," रामिरो म्हणाला आणि लगेच काटा-चमचा घेऊन वाकला. फार सफाईने काढायचा तो काटे. अख्खा सांगाडा एकसंध उचलून बाजूला ठेवला तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या म्हातारीने टाळ्या वाजवल्या.

पासिताने पर्स उघडली. आपलं एक पेसोचं नाणं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं स्वतः मिटवली. "हे तुम्हाला. कोणाला वाटा द्यावा लागत नाही ना?"

ते नाणं बघून की ते वाक्य ऐकून, कोण जाणे, रामिरोने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. मी बाजूलाच पाण्याचा जग घेऊन उभा होतो. त्याच्या कपाळावरची शीर टचकन वर आली.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पाहुण्याने हातावर थुंकी जरी ठेवली तरी आम्हाला तेच म्हणायचं असतं.

मग रोज तेच. मासा नसला तर कोळंबी सोलून दे. कोळंबी नसली तर मटण बारीक कापून दे. पाणी कोमट आहे, पाव कडक आहे, खुर्ची वाऱ्यात येते. एकदा तिने मुद्दाम रुमाल खाली पाडला आणि मी उचलायला वाकलो तर मला म्हणाली, "तू राहू दे. मानोंग आहेत ना." तो वाकला. गुडघा कट्‌कन वाजला, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. आणि शेवटी, दर संध्याकाळी, ते एक पेसोचं नाणं. आजूबाजूच्या टेबलांना वाटायचं, ही ह्यांच्यातली काहीतरी गंमत आहे. पाहुणे हसायचे. रामिरोलाही हसावं लागायचं.

खाली, नोकरांच्या जेवणघरात, कोणी दुसऱ्या विषयावर बोलेचना.

"आज तिने काय करायला लावलं?"

"सूप फुंकायला लावलं."

"खोटं!"

"येशूशप्पथ. म्हणाली, जीभ भाजते."

रामिरो आत आला की सगळे एकदम भाताकडे बघायला लागायचे.

त्याला भीती नाण्याची नव्हती, पासिता तोंड उघडेल ह्याची होती. समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी तो तिला वरच्या डेकवर गाठायला गेला. ती आरामखुर्चीत पाय पसरून पडली होती, शेजारी ते ऑस्ट्रेलियाचं जोडपं. मी ट्रेवर त्यांचे पेले घेऊन गेलो होतो, म्हणून सगळं ऐकलं. म्हातारा-म्हातारीला आमची बोली कुठे कळणार? त्यांना एवढंच दिसलं, की मानोंग टोपी हातात घेऊन बाईशी हळू आवाजात बोलतोय.

"पासिता, जुनं झालं ते. तुझं जे काही होतं ते देतो. वर व्याज देतो."

"मला नको. माझी तीन दुकानं आहेत."

"मग काय हवंय तुला?"

"उद्या सगळ्या पोरांना हॉलमध्ये बोलवा. वेटर, भांडी घासणारे, सगळे. आणि सांगा, पासिताने कधी भीक मागितली नव्हती, तिचं पाकीट मी खाल्लं. एवढंच. मग मी तुमच्याकडे पुन्हा बघणारसुद्धा नाही."

 रामिरो टोपीची कड चिमटीत चुरत म्हणाला, "दुसरं काहीही माग. हे नको. माझी शेवटची फेरी आहे गं. पोरं मला मानतात."

"मानतात?" पासिता माझ्याकडे वळली. "काय रे तोतो, मानतोस का ह्यांना?"

मी पेले खाली ठेवायच्या निमित्ताने मान खाली घातली.

"मी तुझ्या पोराचा धर्मपिता आहे," रामिरो म्हणाला.

"म्हणून तर रुमाल उचलायला लावते. दुसरा कोणी असता तर समुद्रात ढकलला असता." तिने गॉगल चढवला. "जा आता. तोतोला पेले भरायचेत."

तो गेला. त्याने कबूल केलं असतं तर? मला अजून वाटतं, ती शब्दाला जागली असती. पण तो गेला, आणि ती खूप वेळ समुद्राकडे बघत बसली. मग ऑस्ट्रेलियाच्या म्हातारीला म्हणाली, "काय थोर माणूस आहे हो हा! तुम्हाला उद्या कळेलच."

समारंभाच्या रात्री डायनिंग हॉलमध्ये नेहमीची मिरवणूक निघाली. दिवे मंद, आमच्या हातात पेटत्या वाती लावलेले आइस्क्रीमचे केक, पाहुणे डोक्यावर रुमाल गरगर फिरवतायत. मिरवणूक संपली आणि कॅप्टन माइकपाशी आला. रामिरोची स्तुती झाली. लाल मखमली थैली त्याच्या हातात दिली. थैली चांगलीच फुगलेली होती. रामिरोने इलोइलोला दुमजली घर बांधायला काढलं होतं, माशांचं तळं घ्यायचं ठरवलं होतं. आम्हाला सगळं माहीत होतं, कारण तो रोज सांगायचा. ती थैली त्याने मनात केव्हाच खर्चून टाकली होती.

"कोणा पाहुण्यांना दोन शब्द बोलायचेत?" कॅप्टनने विचारलं.

पासिता उठली.

रामिरोचा चेहरा पिठासारखा झाला. आमच्या पोरांपैकी कोणीतरी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. सगळ्यांना वाटलं, आता फोडते. ती झग्याची कड सावरत माइकपाशी गेली, आणि इतक्या गोड आवाजात बोलायला लागली, की मलाच ओळखू येईना.

"मी एकटी बाई प्रवासाला आले," ती म्हणाली, "आणि ह्या माणसाने मला थोरल्या भावासारखं सांभाळलं. माझे काटे काढले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. काल डेकवर हे माझ्याशी बोलायला आले होते. माझ्या मित्रांनी पाहिलंय." ऑस्ट्रेलियाचं जोडपं जोरजोरात माना हलवायला लागलं. "ह्यांच्या डोळ्यात पाणी होतं. म्हणाले, ह्या थैलीवर माझा हक्क नाही. जन्मभर मला जे मिळालं ते ह्या पोरांच्या कष्टातून मिळालं. मी एक नोटही घरी नेणार नाही, सगळी त्यांना वाटून टाकणार. फक्त हे लाजरे आहेत, चारचौघांत बोलवत नाही, म्हणून मी बोलते. मानोंग, आता लाजू नका. इथेच वाटा. तुमच्या हाताने."

हॉल उसळला. लोक उभे राहिले. कॅप्टनने रामिरोला मिठी मारली. एक म्हातारे गृहस्थ तर डोळे पुसत होते. रामिरो तरी काय म्हणणार? मी असं म्हणालो नाही, म्हणणार? थैली मला हवीय, म्हणणार?

"आणि भांडी घासणाऱ्यांनाही बोलवा," पासिता माइकवरून म्हणाली. "त्यांना विसरू नका, असं म्हणाले होते हे."

आम्ही रांगेत उभे राहिलो. स्वयंपाकघरातून पोरं ओले हात एप्रनला पुसत बाहेर आली. रामिरोने थैलीची दोरी सोडली. ज्या हातात आम्ही इतकी वर्षं वाटा ठेवत आलो, तो हात आता एकेक नोट घेऊन आमच्याकडे येत होता. पाहुणे टाळ्यांनी ठेका धरत होते. पोरांनी बघा, काय संधी साधली! एकेक जण हसतमुखाने, मान लववून, आमच्या बोलीत बोलत होता.

"थँक यू मानोंग. ह्यातला वाटा कुठे आणून देऊ?"

"मानोंग, खिडकीजवळचं टेबल मिळेल ना आता?"

"घराचा वरचा मजला माझा हं मानोंग."

पाहुण्यांना वाटलं, पोरं आशीर्वाद घेतायत.

माझी पाळी आली. बोलायला मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण त्याने नजर वर केली आणि माझ्या तोंडून नुसतं "थँक यू" निघालं. मला दया आली असं नाही. मला त्याचे डोळे नीट बघायचे होते, बोलण्यात वेळ घालवायचा नव्हता. थैली शेवटच्या भांडेवाल्यापाशी संपली. रामिरोने ती उलटी करून झटकली, कारण पोरगा तसाच हात पसरून उभा होता. मग पासिता पुढे झाली, पर्समधून रोजचं नाणं काढलं आणि रामिरोच्या हातात ठेवलं. सगळा हॉल हसला.

सकाळी जहाज बंदराला लागलं होतं. पाहुणे उतरायच्या आधीचा नाश्ता चालू होता, बराचसा हॉल रिकामा. पासिता एकटी बसली होती. रामिरो तिच्या टेबलाशी आला. त्याच्या अंगात गणवेश होता पण टाय नव्हता. मी त्याला तसं कधीच पाहिलं नव्हतं.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला. मग सगळंच बाहेर पडलं. "घर अर्धं राहिलंय. जमीन गहाण आहे. माझा पोरगा काही कमवत नाही, सगळं त्यानेच घालवलं. मी आता इथून जाऊन करू काय, सांग. ह्या वयात कोण ठेवून घेणार मला?"

तो खरंच रडत होता. नाक पुसायला त्याने टेबलावरचा रुमाल उचलला, मग पाहुण्यांचा आहे म्हणून परत ठेवला. पासिताने सगळं ऐकून घेतलं. मध्ये बोलली नाही, दुसरीकडे बघितलं नाही. 

"मानोंग," ती म्हणाली, "कॉफी गार झालीय. दुसरी आणा."

तो उभाच राहिला. मला वाटलं, आता कप उचलून तिच्या अंगावर ओततो. पण त्याने कप उचलला, बशी उचलली, आणि स्वयंपाकघराकडे चालायला लागला. गरम कॉफी घेऊन तो परत आला तेव्हा पासिता निघून गेली होती.

मी सुट्टीवर घरी गेलो तोपर्यंत गोष्ट माझ्याआधीच पोचली होती. रांगेत उभा राहिलेला प्रत्येक पोरगा घरी फोन करून बसला होता. मियागावच्या चौकात, मासळीच्या बाजारात, कोंबड्यांच्या झुंजीत, सगळीकडे तेच. आणि नुसतं थैलीचं नाही, पाकिटाचंही. कारण ऐकणारा प्रत्येक जण विचारायचा, पण तिने असं केलं का? मग सांगावं लागायचंच. रामिरोची बायको आता दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जाते, असं कळलं.

ला पाझच्या दुकानात पासिताने माझ्यापुढे वाडगा ठेवला. दुपारची गर्दी ओसरली होती.

"मानांग," मी विचारलं, "आता मन शांत झालं का?"

"शांत कशाला व्हायला पाहिजे?" ती म्हणाली. "मला मजा आली. पोटभर मजा आली. तू लसूण घे अजून."

तेवढ्यात नाविक शाळेची चार-पाच पोरं आत शिरली आणि त्यांतला एक म्हणाला, "मानांग, ती थैलीची गोष्ट सांगा ना! ह्याने ऐकली नाही." तिने हात पुसले, खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला लागली. मासा आला, नाणं आलं, सूप फुंकणं आलं, थैली तर मी पाहिली त्याच्या दुप्पट फुगली होती. पोरं टेबलावर थापा मारून हसत होती. थैली उलटी करून झटकल्यापाशी ती थांबली, उठली आणि म्हणाली, "संपलं. काय खाणार?"

मी गोष्टीतल्या पुढच्या सकाळची, त्या गार कॉफीची, वाट बघत होतो. ती तिने सांगितली नाही. पोरांची मागणी घेऊन ती चुलीकडे गेली. मी इतक्या वेळा तिच्याकडे जेवलोय, पण ती सकाळ तिने कोणालाच सांगितलेली मी ऐकली नाही.